बोटीवरून पणजी दिसत नाही

आमच्या कर्जत-खालापूरकडे दर शनिवारी मुंबई येते. लोकलने येते, गाड्या काढून येते, पावसाळ्यात तर इतकी येते की धबधब्यांवर बंदीचे हुकूम काढावे लागतात. रविवारी संध्याकाळी ती परत जाते. त्यामुळे सहलीला आलेला माणूस कसा वागतो, कशावर खर्च करतो, कशावर घासाघीस करतो आणि मागे काय टाकून जातो, हे आम्हाला पाठ आहे. स्वतः सहलीला जायची वेळ मात्र क्वचित येते. या हिवाळ्यात नात्यातली मंडळी एका दिवसात पणजी करून आली. खास कॅसिनोच्या बोटीवर जाण्यासाठी गेली आणि हिरमुसून परतली. हिरमुसण्याबद्दल दुमत नव्हतं. ते कशामुळे, यावर भाचा आणि आत्या यांची जी जुंपली ती मी शेजारी बसून ऐकली.

भाच्याचं चौक गावाजवळ चार खोल्यांचं फार्महाउस आहे, पोहण्याच्या छोट्या तलावासकट. ते तो एक दिवसाच्या पिकनिकला आणि मुक्कामाला देतो. आत्या कर्जतच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. मी दोघांच्याही नात्यातला. माझा कल कुणाकडे आहे ते वाचताना कळेलच, लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

भाचा : आधी एक मान्य कर आत्या, आपण गेलोच चुकीचं. पनवेलहून सकाळची वंदे भारत, दुपारी थिवी, थिवीहून टॅक्सी, उरलेला दिवस बोटीवर आणि रात्री स्लीपर बस. कॅसिनो ही रात्रीची चीज आहे. भर दुपारी तमाशाच्या तंबूत शिरलं तर काय दिसणार? बांबू.

आत्या : मला बांबूच बघायचे होते. ढोलकी सुरू झाल्यावर बांबूंकडे कोण बघतंय? आणि मुळात मला मंगेशीचं दर्शन म्हणून नेलंत. मंगेशी कुठे राहिली?

भाचा : वेळ नाही झाला.

आत्या : का नाही झाला ते मी सांगते. पणजीहून मंगेशी म्हणजे काही काशी नाही, तासाच्या आत माणूस पोचतो. बोटीवर चढलो तेव्हा चांगलं ऊन होतं, उतरलो तेव्हा मांडवीच्या पुलावर दिवे लागले होते. मधल्या वेळात कुणी मनगटाकडे पाहिलं का? भिंतीवर घड्याळ नाही. मी बसले तिथून किनारा दिसेल अशी खिडकी नाही. जेवण तिकिटात, पेयं तिकिटात, नाचगाणं तिकिटात. माणसानं उठावं असं एकही कारण शिल्लक ठेवलेलं नाही. अख्खा दिवस पणजीत काढला आणि पणजीच्या माणसाला आपण एक रुपया दिला नाही. टॅक्सीवाल्याला दिले, पण तो थिवीचा.

भाचा : तुला ते खटकलं होय? मला दुसरंच खटकलं. रीलमध्ये सगळं कसं चकचकीत असतं! प्रत्यक्षात गालिच्याला सिगारेटचा वास, बुफेला लग्नातल्यासारखी रांग आणि प्रत्येक टेबलावर आपल्या खिशाला न झेपणारी किमान बोली. तिकिटाबरोबर खेळायला म्हणून ज्या चिप्स दिल्या, त्या नुसत्या वन टाइम प्ले. एकदाच लावायच्या, जिंकलात तर जिंकलेले पैसे तुमचे, पण ती चिप काउंटरवर नेऊन रोख मागायची सोय नाही. माझ्या दोन डावांत संपल्या. मग सुरू झाला स्वतःचा पैसा.

आत्या : माझ्या अजून पर्समध्ये आहेत.

भाचा : तू लावल्याच नाहीस?

आत्या : मी मोजत होते. तू त्या चाकाशी बसलास ना, त्याच्यावर शून्यापासून छत्तीसपर्यंत आकडे होते, म्हणजे सदतीस घरं. एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि तो लागला तर पस्तीस पट देतात, शिवाय आपले शंभर परत. म्हणजे हातात छत्तीसशे. आता समज, सदतीसच्या सदतीस घरांवर शंभर-शंभर लावलेस. लावले सदतीसशे, आणि कुठलाही आकडा येऊ दे, मिळाले छत्तीसशे. शंभर रुपये गेले. नशीब नाही, लबाडी नाही, चाकात लोहचुंबक नाही. आठवीच्या मुलाला सुटेल असं गणित आहे. शेकडा दोन रुपये सत्तर पैसे मालकाचे, प्रत्येक वेळी.

भाचा : बरं, आता माझं गणित ऐक. मी शंभराच्या बोलीनं तासाला चाळीस वेळा खेळलो असं धर. चार हजार फिरले. तुझ्या दोन पूर्णांक सात टक्क्यांनी माझे सरासरी एकशे आठ रुपये जातात. तासाला एकशे आठ! मल्टिप्लेक्सचं तिकीट बघ, इमॅजिकाचं बघ. नुसत्या करमणुकीच्या हिशेबानं पाहिलं तर कॅसिनो स्वस्त आहे.

(इथे आत्या थोडा वेळ गप्प बसली. गणिताच्या शिक्षकाला गणितातच उत्तर मिळालं की असं होतं. मला मात्र भाच्याचा मुद्दा अजूनही बिनतोड वाटतो, फक्त तो ज्याला लागू पडेल असा माणूस त्या बोटीवर भेटणं कठीण.)

आत्या : मग तू एकशे आठवर का नाही उठलास?

भाचा : कारण तेवीस बरेच दिवस, म्हणजे बराच वेळ, आला नव्हता.

आत्या : बघ! वरती तो दिव्यांचा फळा होता ना, आधी आलेले आकडे दाखवणारा. तो त्यांनी कशासाठी लावलाय? चाकाला आठवण नसते रे. मागच्या वेळी काय आलं ते चाकाला माहीत नसतं, तुला माहीत असतं, म्हणून तुझ्यासाठी फळा. तुझ्या शेजारी तो टोपीवाला गृहस्थ वहीत आकडे उतरवून घेत होता, माझ्या वर्गातलीसुद्धा इतकी मन लावून लिहीत नव्हती. शंभराची तू दोनशे केलीस, दोनशेची पाचशे. आणि तुमच्या हातात नोटाही नव्हत्या. तुझ्या चकत्या जांभळ्या, त्याच्या पिवळ्या, त्यांच्यावर किंमतही छापलेली नाही. जांभळ्या पाच ठेवताना हात थरथरत नाही, पाचशेच्या पाच नोटा ठेवताना थरथरला असता.

भाचा : रंग वेगळे असतात ते कुणाची चिप कुठली हे कळावं म्हणून.

आत्या : त्यासाठीही असतील.

भाचा : ठीक, मी हरलो. किती ते बायकोसमोर सांगणार नाही. पण एका माणसाच्या हरण्यावरून धंद्याचा निकाल लागत नाही. मी धंदेवाला म्हणून बोलतोय. परतीला पहाटे खालापूरच्या टोलनाक्यावर उतरलो ना, तेव्हा माझ्या मनात काय आलं ते ऐक. या बोटीवरची अर्धी गर्दी मुंबई-पुण्याची होती. ती आपल्या दारावरून जाते. साडेचारशे-पाचशे किलोमीटर लांब जाऊन पैसे टाकून येते आणि आपण रस्त्याकडेला उभे राहून बघतो. इथे काय कमी आहे? एक्स्प्रेसवे आहे, रेल्वे आहे, नवी मुंबईचं विमानतळ झालं. डोंगर आहेत, पाणी आहे. आणि आपला धंदा किती दिवसांचा? जून ते सप्टेंबर. नंतर एकतीस डिसेंबर. मधल्या दिवसांत माझा स्वयंपाकी, माळी, खोल्या आवरणारी पोर, सगळे बसून. कॅसिनोला पावसाळा लागत नाही.

आत्या : आणि कायदा?

भाचा : कायदा होता ना! महाराष्ट्रानं १९७६ सालीच कॅसिनोचं नियंत्रण आणि कर यांचा कायदा करून ठेवला होता. गोव्याचा सार्वजनिक जुगाराचा कायदाही १९७६ चाच. त्यांनी १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट करून दिली, १९९६ साली बोटींवर टेबलांचे खेळ आणले. आपण आपला कायदा अंमलात आणायची तारीखच कधी काढली नाही. कपाटात पडून राहिला. लोक कोर्टात गेले, पर्यटन खात्याच्या चर्चा झाल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्दच करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं न वापरता फेकून दिलेली वस्तू!

(१९७६ हे साल या विषयात विचित्रपणे ठाण मांडून बसलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या मतदारांनी अटलांटिक सिटी या एकाच शहरापुरती कॅसिनोला संमती दिली. तिघांच्या वाटा तीन झाल्या. आत्याला तिसरी वाट ठाऊक होती, कारण तिची शाळेपासूनची मैत्रीण मुलीकडे न्यू जर्सीला असते.)

आत्या : अटलांटिक सिटीचं माझ्या मैत्रिणीनं सांगितलंय. तिथेही दिवसाच्या सहली. न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाकडून बसगाड्या भरून म्हातारी माणसं यायची, बसच्या तिकिटाचे पैसे कॅसिनोवाले खेळायला परत द्यायचे. संध्याकाळी बस परत. समुद्रकाठच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर कॅसिनोच कॅसिनो आणि दोन गल्ल्या आत शिरलं की बंद दुकानं. १९७८ साली पहिला कॅसिनो उघडला. पुढे शेजारच्या राज्यांनी आपापले कॅसिनो काढले आणि २०१४ या एका वर्षात अटलांटिक सिटीतले चार बंद पडले. उद्या तुझ्या खालापुरात उघडला, परवा गुजरातनं सीमेवर उघडला, मग तू काय करणार? तेव्हा परत भात लावणार? जमीन तोवर काँक्रीटखाली.

भाचा : शेजाऱ्यांनी काढले म्हणून बंद पडले, म्हणजे मागणी होतीच की. आणि तू सिंगापूर सोडून दिलंस. त्यांनी २०१० साली दोन मोठे कॅसिनो काढले आणि स्थानिकाला आत जायचं तर दिवसाला शंभर डॉलर भरायला लावले, २०१९ मध्ये ते दीडशे केले. परदेशी माणूस फुकट. धंदाही झाला, घरंही वाचली. नियम करता येतात.

आत्या : नियम करता येतात, खरं आहे. गोव्यानंही केलाय. आपल्याकडून खिडकीवर आधार कार्ड कशाला मागितलं? एकवीस वर्षं पूर्ण आहेत का ते बघायला, आणि आपण गोव्याचे नाही ना, हेही बघायला. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या माणसाला तिथे खेळायला बंदी आहे. नदी त्यांची, जेटी त्यांची, वाहतुकीची कोंडी त्यांची, आणि आत जायला तेवढी बंदी! जो पदार्थ घरच्या पोरांना देत नाहीत तो पाहुण्यांना वाढतात, यावरून आचाऱ्याचं स्वतःचं मत कळतं. दिल्लीचंही मत कळतं. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून चाळीस. थेट पानमसाल्याच्या पंगतीत नेऊन बसवलंय.

भाचा : चाळीस टक्के कर म्हणजे सरकारची चाळीस टक्के भागीदारी! तो पैसा रस्त्याला, शाळेला लागतो. आणि जुगार काय कॅसिनोमुळे आला? तूच सांगतेस आपल्या आळीतल्या मटक्याच्या गोष्टी.

आत्या : सांगते ना. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा चालायचा. ते बंद झालं, मग १९६२ मध्ये वरळीला कल्याणजी भगतनं चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, त्याच्या मागोमाग रतन खत्री. मुंबईच्या गिरणीत जाणारे आपल्या आळीतले बाप्ये शेवटच्या लोकलनं ओपन आणि क्लोज घेऊन यायचे. पगाराच्या दिवशी त्यांच्या बायका स्टेशनवर जाऊन उभ्या राहायच्या, नवऱ्याला न्यायला नाही, पाकिटाला न्यायला. मी लहान होते, मला ती गंमत वाटायची.

भाचा : मग? मटका बेकायदा होता म्हणून थांबला का? आणि सरकार स्वतः १९६९ पासून लॉटरी विकतंय, ते चालतं. मोबाइलवर रमी आली तेव्हा आपल्या वाडीवस्तीवरच्या पोरांनी बाइकचे हप्ते त्यात घातले. २०२५ साली कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, बरं झालं. पण माणसाची खाज कायद्यानं जात नाही. ती एका जागी, दिवाबत्तीत, कॅमेऱ्याखाली, कर भरून भागवली तर निदान हिशेब राहतो.

आत्या : एका जागी म्हणतोस ती जागा कुठली ते बघ की. गोव्याच्या कायद्यात ती बोट किनाऱ्यापासून दूर पाण्यावरची. प्रत्यक्षात सगळ्या मांडवीत, ऐन शहराच्या तोंडावर. हलवू, हलवू म्हणून प्रत्येक सरकारनं सांगितलं आणि प्रत्येक वेळी मुदतवाढ दिली. २०१७ च्या पावसाळ्यात त्यातली एक मिरामारच्या वाळूत येऊन रुतली, नाव ‘लकी सेव्हन’! आत यायला सोपं, बाहेर काढायला अवघड. तुझं खालापूरचं जहाज कुठे रुतेल ते आधीच सांगता येतं का?

(पणजीच्या या भागातली एक गोष्ट आत्यानं मला नंतर सांगितली, ती इथेच घालतो. कॅसिनोची लाँच जिथून सुटते तिथून चालत थोड्या अंतरावर जुनं सचिवालय आहे, म्हणजे आदिलशाही वाडा. त्याच्या कडेला आबे फारिया यांचा पुतळा. अठराव्या शतकात कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनविद्येसाठी गाजला. पुतळ्यात तो पुढे वाकून, दोन्ही हात पसरून एका स्त्रीला निद्रेत नेतो आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो १९४५ मध्ये घडवला, तेव्हा मांडवीत असल्या बोटी नव्हत्या. आत्याला तो टॅक्सीच्या काचेतून ओझरता दिसला. तिनं पणजीत पाहिलेली ही एकमेव गोष्ट.)

भाचा : तुझं म्हणणं काय, पर्यटनच नको?

आत्या : असं मी कधी म्हटलं? माझ्या अर्ध्या विद्यार्थिनी लोकलमध्ये वडे, काकड्या, जांभळं विकून शिकल्यात. माझं म्हणणं एवढंच, की पाहुणा फाटकाबाहेर पडतो की नाही ते बघ. खालापूर म्हटलं की मुंबईच्या माणसाला काय आठवतं? टोलनाका आणि फूड मॉल. रोज इतक्या गाड्या थांबतात, लोक खातात, लघवीला जातात, पुन्हा गाडीत बसतात. त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे की शेजारी महडचा वरदविनायक आहे? एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी सगळी वाहतूक खोपोलीतून जायची. घाट चढायच्या आधी गाडी थंड करायला माणूस थांबायचा. थांबला की चहा, वडापाव, पंक्चर, फुलांचा हार. रस्ता उचलून वर नेला आणि पाहुणा आपल्या डोक्यावरून जायला लागला. तुझा कॅसिनो म्हणजे त्याच्या पुढची पायरी. तिथे थांबेल, दिवसभर थांबेल, पण बाहेर येणारच नाही. कारण बाहेर आला की मालकाचं नुकसान.

भाचा : नोकऱ्या तर देईल? २०१३ साली सांगडेवाडीला इमॅजिका आलं, आपल्या भागातल्या पोरांना काम लागलं. माझा स्वयंपाकी तिथूनच शिकून आलाय.

आत्या : लागलं, नाही कोण म्हणतंय. पण झोपाळा चालवायला खोपोलीचा पोरगा चालतो. पत्ते वाटायला चालला का? तुझ्या टेबलावर पत्ते वाटणारी मुलगी मूळची कुठली, विचारलं मी तिला. कोहिमाची. चाकावरचा नेपाळचा. मुली हुशार आहेत, बिचाऱ्या उभ्या राहून काम करतात, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. गोव्याच्या माणसाला कुठलं काम होतं? लाँच बांधायचं आणि भांडी घासायचं. तेही मी विचारलं.

भाचा : तू हरायला सोडून सगळं केलंस तिथे.

आत्या : आता आपल्याच तालुक्यातलं बघ. माथेरान. गाड्या दस्तुरीला थांबतात. तिथून पुढे माणसाला पायी जावं लागतं, घोड्यावर जावं लागतं, नाहीतर १९०७ पासूनची ती छोटी गाडी. पाहुण्याला सरळ खोलीत नेऊन टाकायची सोयच नाही, म्हणून वाटेतल्या प्रत्येकाला चार पैसे मिळतात. घोडेवाला, हमाल, चिक्कीवाला, चप्पलवाला, सरबतवाली कातकरीण. एका माणसाच्या खिशातली नोट दहा हातांत मोडते.

भाचा : (उसळून) आणि त्या दहा हातांत हातरिक्षा ओढणारे हातही होते, ते विसरलीस! माणसानं माणसाला ओढायचं, शंभरावर वर्षं. सुप्रीम कोर्टाला २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगावं लागलं की हे माणुसकीला सोडून आहे, सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा द्या. तुझं ते दहा हातांत नोट मोडणं लांबून फार गोड दिसतं आत्या. माझ्या त्या कोहिमाच्या मुलीला एसी आहे, पगार बँकेत येतो, पीएफ कापला जातो. तुझ्या सरबतवालीला काय आहे? पाऊस.

(इथे मला टाळी द्यावीशी वाटली. आत्याकडे कल असूनही.)

आत्या : हातरिक्षा बंद व्हायलाच हवी होती, आधीच व्हायला हवी होती. तो प्रश्न राबवून घेण्याचा झाला. पैसा फाटकाबाहेर येण्याशी त्याची गल्लत करू नकोस. ई-रिक्षा चालवणारा माथेरानचाच असेल तर नोट माथेरानमध्येच मोडणार. बरं, मी तुला एक विचारते. तुझ्या फार्महाउसचं पॅकेज काय आहे?

भाचा : त्याचा इथे काय संबंध?

आत्या : सांग तर.

भाचा : नाश्ता, जेवण, हाय टी, स्विमिंग, रेन डान्स. अनलिमिटेड.

आत्या : अनलिमिटेड. फाटक?

भाचा : आत आल्यावर बंद असतं. लहान मुलं असतात, शेजारी कुत्री आहेत.

आत्या : तुझ्या फाटकाबाहेर कोपऱ्यावर ती ठाकरवाडीतली बाई मक्याची कणसं भाजून बसते. तुझ्या पाहुण्यांपैकी किती जण तिच्याकडे जातात?

भाचा : आत कणसं देतोच ना मी. ‘मान्सून काउंटर’ आहे.

आत्या : तांदूळ कुठला?

भाचा : वाशी मार्केटचा कोलम. एकगठ्ठा परवडतो.

आत्या : आपल्या कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे. इथून निघालेलं ‘कर्जत-३’ सबंध कोकणात पेरतात. आणि कर्जतच्या फार्महाउसमध्ये वाशीचा कोलम. म्हणजे बोट तूही बांधलीस बाळा. चाक तेवढं बसवायचं राहिलंय, आणि तेच तुला सरकारकडून हवंय.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग जे बोलला ते वाद जिंकायला बोललेलं नव्हतं, म्हणून शब्दशः देतो.

भाचा : मी सुरुवातीला फक्त खोल्या द्यायचो आत्या. जेवण बाहेर घ्या म्हणायचो, चार खानावळींची नावं लिहून ठेवली होती. लोक विचारायचे, जेवण नाही? मग आम्ही पलीकडच्यांकडे जातो. पलीकडच्यानं अनलिमिटेड ठेवलं होतं. मुंबईचा माणूस आठवडाभर निवड करून दमलेला असतो, त्याला इथे येऊन काहीही ठरवायचं नसतं. एकदा पैसे भरले की डोकं बंद. बोटीवर मलाही तेच बरं वाटलं, पहिला तासभर. भाकरी माझ्याकडे वाडीतल्या दोघीच थापतात, कोंबड्या गावातल्याच असतात, ते तू धरलं नाहीस. तांदळाचं तू म्हणतेस ते बघतो. पण पाहुण्याला बाहेर पाठवायचं म्हणजे मी त्याला काय सांगू? तुमच्या पैशात जेवण आहे, पण ते जेवू नका?

आत्या : जेवणाशिवायचा दर लाव की. दोन्ही ठेव. निवडू दे त्याला.

भाचा : निवडायचं नसतं म्हणून तर तो येतो.

यावर आत्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. मला वाटतं, त्यांची सहल फसली ती वेळ चुकल्यामुळे नाही आणि हरल्यामुळेही नाही. दिवसाच्या सहलीत माणूस आधीच घाईत असतो. त्याला एखादं शहर दिसायचं तर वाटेत रमावं लागतं, चुकावं लागतं, कुठेतरी बसून चहा प्यावा लागतो. कॅसिनोनं नेमका तोच वेळ विकत घेतला, आणि यांनी तो तिकिटाच्या रकमेत आनंदानं विकला. भाच्याचं नोकऱ्यांबद्दलचं, कायद्याबद्दलचं, ढोंगाबद्दलचं बोलणं बरंचसं खरं आहे. तरीही खालापुरात कॅसिनो नसणं मला योग्य वाटतं. तिथे लोक जुगार खेळतील म्हणून नाही, तो ते खेळतातच. तीस-चाळीस एकरांचं आणखी एक कुंपण पडेल आणि त्याच्या आत आलेल्या माणसाला बाहेर कर्जत-खालापूर नावाचं काही आहे हे कळणारही नाही, म्हणून. आणि तशी कुंपणं कॅसिनोवाचूनही पडत आहेत, यात भाच्यासारखे आमचेच लोक आहेत.

कर्जतला, खालापूरला येणाऱ्यांना मग एवढीच विनंती, की बुकिंग करताना जेवणाशिवायचा दर विचारा. भाच्यानं गेल्या महिन्यापासून तो ठेवला आहे, माणशी तीनशे रुपयांनी कमी. दाराशी आजूबाजूच्या खानावळींची यादीही लावली आहे. आजपर्यंत एकाही पाहुण्यानं तो दर घेतलेला नाही.